पाळक बोलायचे, बा सांगायचा

आमच्या पाड्यावरच्या पाळकांच्या स्मरणसभेचा फ्लेक्स जव्हारला छापून आला, तेव्हा मी माझी शाळा सुटल्यावर माहेरी जायला डेपोसमोर बाची वाट बघत उभी होते. चर्चच्या मंडळीतल्या दोन पोरांनी गुंडाळी उलगडून जीपच्या बॉनेटवर पसरली आणि म्हणाली, "बाई, शुद्धलेखन बघून घ्या." गावात मास्तरीण झालं की हे भोग चुकत नाहीत. लग्नपत्रिका असो, पाण्याचा अर्ज असो, आधी बाईंच्या नाकासमोर. बघितलं. पाळकांचा फोटो छान आला होता, तोच पांढरा सदरा, तेच एका बाजूला कललेलं डोकं. खाली 'प्रभूमध्ये निजले'. आणि त्याच्याही खाली, मोठ्या निळ्या अक्षरांत पाळकांचं वाक्य: 'देव मागून हाकत नाही, तो पुढे चालून गवत दाबतो.'

तेवढ्यात बा आला. बा चौथी शिकलेला. एकेक अक्षर लावत वाचतो, पण वाचतो. त्याने ते वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पोरांना विचारलं, "हे कुणी सांगितलं छापायला?"

"पाळकांचंच वाक्य ना आजोबा. सगळ्या पाड्याला पाठ आहे."

बा वळून एसटीकडे चालू लागला. एसटीत बसलो, गाडी घाटाला लागली, तरी गप्प. मी म्हटलं, झालं काय तुला? तर खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ते माझं हाय. त्यांनी कधी तसं बोललेलं नाय."

मला हसूच आलं. मग त्याचं तोंड बघितलं आणि हसू गिळलं. तो थट्टा करत नव्हता.

नवख्या माणसाला हे कळायचं नाही, म्हणून सांगते. पाळक बाप्टिस्ट मंडळीचे. नगरच्या बाजूचे. माझ्या जन्माआधी नवी बायको आणि एक पत्र्याची पेटी घेऊन मोखाड्याकडच्या आमच्या पाड्यावर उतरले आणि गेल्या महिन्यात मरेपर्यंत तिथेच राहिले. त्यांचं मराठी पुस्तकातलं, जड. आमच्याकडे तेव्हा गडीमाणसांना बाजारापुरतं मराठी यायचं, बायांना तेवढंही नाही. घरात आमची बोली. 'अनुग्रह' आणि 'तारण' म्हटलं की माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायची. बा भिवंडीला वीटभट्टीवर जाऊन आलेला, त्याला मराठी यायचं, हिंदीही यायचं. म्हणून पाळकांनी त्याला शेजारी उभं केलं. पाळक एक वाक्य बोलायचे, थांबायचे, बा ते आमच्या बोलीत सांगायचा. दर रविवारी, आंब्याखाली, आणि पुढे पत्र्याचं चर्च झाल्यावर चर्चमध्ये.

बा ख्रिस्ती झाला नाही. आमच्या घरात आमचे देव होते, आहेत. मी एकदा विचारलं होतं, तुला पाळकांनी बाप्तिस्म्याचं कधी म्हटलं नाही का? तर म्हणाला, "एकदा म्हटलं. मी नाय म्हटलं. मग जेवायला बसलो." विषय संपला. मंडळीत घरं मोजकीच, पण रविवारी निम्मा पाडा जमायचा, ख्रिस्ती न झालेलेही. आम्ही पोरं तर झाडून सगळी.

आता खरी गोष्ट. बा जे सांगायचा ते पाळकांचं नसायचं. म्हणजे सुरुवातीला असायचं, एखाद-दुसरं वाक्य. मग त्याचं स्वतःचं सुरू. पाळकांनी हरवलेलं मेंढरू शोधणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट सांगितली. आमच्याकडे मेंढरं कुठली? बाने त्याचा गुराखी केला, मेंढराचं वासरू केलं, आणि ते वासरू कुणाच्या रानात शिरलं, त्या रानवाल्याने काय शिव्या दिल्या, इथपर्यंत नेलं. बापाचा पैसा उडवून परत येणाऱ्या बायबलातल्या उधळ्या मुलाला त्याने भिवंडीला पाठवून दिलं. पाळक म्हणायचे, दारू सोडा. बा सांगायचा, आधी बाजाराचे पैसे बायकोच्या हातात द्या, मग काय करायचं ते करा. नरक तर त्याने कधी सांगितलाच नाही. पाळक घाम पुसत अग्नीचं वर्णन करतायत, आणि बा लोकांना सांगतोय की यंदा नागलीचं पीक बरं दिसतं, देवाची दया. मी मोठेपणी कारण विचारलं तर म्हणाला, "लोकांना अंधारातनं घरी जायचं असायचं. कशाला भ्या घालायचं?"

हे आम्हा पोरांना माहीत होतं. शाळेत मराठी शिकलो तसे आम्हाला एका रविवारी दोन प्रवचनं ऐकू यायला लागली. मी एकदा घरी येऊन म्हटलंही, बा, ते तसं नव्हते म्हणाले. तर बाने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा नाव काढलं नाही. पुढे कुठलं वाक्य कुणाचं, हे आमच्याही लक्षात राहिलं नाही. मोठी माणसं सगळं पाळकांच्याच नावावर बोलायची. 'पाळक सांगत होता' म्हणायचं आणि बाचं वाक्य टाकायचं. तेव्हा त्या फ्लेक्सवाल्या पोरांची चूक नाही. त्यांनी आजीला विचारलं, आजीने सांगितलं, त्यांनी छापलं.

पण बाच्या ते मनाला लागलं. मी चार दिवस माहेरी थांबले होते, बघत होते. ताटावरून अर्धं टाकून उठायचा. आई असती तर तिने दोन शब्द सुनावले असते, पण ती जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून ते काम माझ्याकडे. मी म्हटलं, "अरे काय बिघडलं? चांगलं वाक्य आहे. लोकांना आवडलं."

"पाड्याला माहीत हाय," बा म्हणाला. "पोराटोरांना माहीत हाय. एकट्या त्यालाच माहीत नव्हतं. मी बोलायचा तेव्हा तो माझ्याकडे बघून मान हलवायचा. बघ ना. त्याला वाटायचं त्याचंच सांगतोय. इतकी वर्षं फसवला मी त्याला, आणि आता मेल्यावर त्याच्या फोटोखाली माझं चिकटवलं."

खरं सांगायचं तर मला रागच आला होता, पण कुणाचा ते कळत नव्हतं. बाचा? तो काय वाईट सांगत होता? पाळकांचा? इतकी वर्षं या मातीत राहून माणसाला शेजारचा माणूस काय बोलतो ते कळू नये? आणि तो माणूस बिनडोक नव्हता. आमच्या पाड्याला शाळा मिळाली ती पाळकांनी कचेरीत खेटे घातले म्हणून. विहीर झाली ती त्यांच्यामुळे. पावसाळ्यात पोरं वाळायला लागली की पाळक घरोघर फिरून आयांना गोळा करायचे आणि दवाखान्यात घेऊन जायचे, आणि डॉक्टर नाही म्हटल्यावर पायरीवर बसून राहायचे. त्या शाळेत मी शिकले म्हणून आज मला कुणी बाई म्हणतं. अशा माणसाला आपण सगळ्यांनी मिळून वेडं ठरवलं की काय, असं वाटून मला झोप लागेना. मग वाटायचं, वेडं कशाला? त्यांचं काम तर झालंच ना. मग पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी बाने ठरवून टाकलं. म्हणाला, सभेला मी त्याचं खरं बोलणं सांगणार. एक तरी. जसं त्याने सांगितलं तसं, माझं काही न घालता. तेवढं केलं की सुटलो.

आणि मग बसला आठवत. सकाळभर अंगणात भाताच्या पेंढ्याला टेकून बसला होता. दुपारी आत आला तो पार गोंधळलेला. "मला काय आठवत नाय," म्हणाला. "माझंच आठवतंय सगळं. त्याचं एक वाक्य आठवत नाय. तुला आठवतंय काय?"

मला 'अनुग्रह' हा शब्द आठवत होता. पुढे मागे काही नाही. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडते. म्हटलं, पाळकीणबाईंकडे जाऊ, त्यांना असेल आठवत.

पाळकीणबाई चर्चमागच्या दोन खोल्यांत राहतात. आता एकट्याच. मुलगा पुण्याला असतो, त्याने चल म्हटलं, पण त्या गेल्या नाहीत. आम्ही गेलो तेव्हा सुपात तांदूळ निवडत होत्या. आम्ही "सलाम बाई" म्हटलं, त्यांनी चहा ठेवला. बाने घसा खाकरून विचारलं, "बाई, साहेब उपासनेला काय बोलायचे, तुम्हाला काय आठवतं?"

त्या बाकडे बघतच राहिल्या. "मला विचारता? त्यांच्या शेजारी तुम्ही उभे असायचात. मी बाहेर तुमच्या सगळ्यांची लेकरं सांभाळत असायची."

"तरी पण. घरी काय बोलायचे?"

"घरी आले की पहिला प्रश्न ठरलेला. 'आज त्याने कसं सांगितलं?' तुमच्याबद्दल. मला तुमची बोली लवकर आली ना, पाण्यावर बायांबरोबर. म्हणून मला विचारायचे."

बाच्या हातातला कप तसाच राहिला. "मग तुम्ही काय सांगायच्या?"

"काय सांगणार?" बाई म्हणाल्या. "कधी काही कानावर पडलेलं असायचं. वासराचं, भिवंडीचं. मी म्हणायची, तुम्ही बोललात तसंच सांगितलं हो. कशाला उगाच? नवीन गाव, एक माणूस जोडला गेलेला. तोही तुटायचा." मग सूप पुन्हा हातात घेत म्हणाल्या, "नंतर नंतर विचारायचे बंद झाले."

"का बंद झाले?"

"मला काय माहीत? विश्वास बसला असेल."

झालं. गेलो होतो गाठ सोडवायला, आणि आणखी एक बसली. परतताना बा म्हणाला, "म्हणजे तिनेही फसवला." मी म्हटलं, "बा, पुरे." तर म्हणाला, "पुरे काय? दोघांनी मिळून फसवला एका माणसाला." आणि वाटेत उभं राहून त्याने डोळे पुसले. माझ्या बाला रडताना मी त्याआधी एकदाच, आई गेली तेव्हा पाहिलं होतं.

सभा भातझोडणी उरकल्यावर ठेवली होती, माणसं वीटभट्टीवर कामाला जायच्या आत. नाहीतर नंतर पाड्यावर म्हाताऱ्यांशिवाय कोण सापडतंय? चर्चपुढे मांडव घातला, फ्लेक्स बांधला. मुंबईहून मंडळीचे एक ज्येष्ठ पाळक आले होते, पांढरी दाढी, सुंदर बोलणं. मंडळीतल्या माणसांनी बाला न विचारताच त्यांच्या शेजारी उभं केलं. आता आमच्याकडे बहुतेकांना मराठी कळतं, पण पाळक बोलणार आणि बा सांगणार ही रीतच पडून गेलेली.

पाहुणे म्हणाले, "आपले बंधू ख्रिस्ताचे विश्वासू सेवक होते."

बाने ते जसंच्या तसं आमच्या बोलीत सांगितलं. एक शब्द जास्त नाही.

"त्यांनी देहाची पर्वा न करता वचनाचं बीज या खडकाळ भूमीत पेरलं."

बाने तेही तसंच सांगितलं. सावकाश, शब्दामागून शब्द. पाहुणे पुढे, बा मागे, पाहुणे पुढे, बा मागे. मला कळलं तो काय करतोय. पाळकांचं काही आठवलं नाही, तेव्हा निदान या पाहुण्याचं तरी खरं सांगायचं. एकदा तरी सरळ वागायचं. घामाने त्याची बंडी पाठीला चिकटली होती. लोक चुळबुळायला लागले. बाया आपसात बोलायला लागल्या. माझ्या मागचा एक म्हातारा चक्क पेंगायला लागला.

तेव्हा पुढच्या रांगेतून बाची चुलतबहीण उठली. माझी आत्या. पाड्यात तिच्याहून म्हातारं आता कुणी नाही, आणि तिच्या तोंडाला कुणी लागत नाही. हात नाचवत आमच्या बोलीत म्हणाली (मी इथे मराठीत लिहितेय, तिची चव त्यात उतरणार नाही), "आज काय झालंय तुला? आजारी हायस काय? नीट सांग की."

"आज नीटच सांगतोय," बा म्हणाला. "एवढी वर्षं नीट सांगितलं नाय. पाळकाचं म्हणून माझंच सांगितलं. त्या फोटोखाली लिवलंय तेपण माझं हाय. फसवला मी त्याला."

पाळकीणबाईंनी मान खाली घातली. पाहुणे हसतमुखाने उभे होते, त्यांना काही कळत नव्हतं.

"फसवला?" आत्या म्हणाली. "कुणाला? त्याला कळायचं ना सगळं."

"त्याला कुठं आपली बोली येत होती?"

"येत नव्हती? माझा नवरा भट्टीवर मेला तेव्हा तू कुठं होतास? तूपण दुसऱ्या भट्टीवर. सगळा पाडा भट्टीवर. टेम्पोवाल्याने त्याला आणून ठेवला आणि गेला. खड्डा खणायला माणूस नाय. पाळकाने खणला, हे तुला माहीत हाय ना?"

"हाय."

"एकट्याने खणला. मग मला विचारलं, डोकं कुठल्या अंगाला करायचं? आपल्या बोलीत विचारलं. मी म्हटलं, आमच्यात असं असं असतं. त्याने तसंच केलं. त्याच्या देवाचं काही म्हटलं नाय, आपल्या देवाचं मी म्हटलं, तो बाजूला उभा राह्यला. मग सांज होईपर्यंत माझ्या ओट्यावर बसला. बोलला माझ्याशी. जरा वाकडं बोलायचा, पण आपलंच बोलायचा. आणि जाताना म्हणाला, मला येतं ते त्याला सांगू नको."

"कुणाला?"

"तुला. दुसऱ्या कुणाला? तुझं नाव घेऊन म्हणाला. मी म्हटलं नाय सांगत. नाय सांगितलं. आता मेला तो, म्हणून सांगते."

मी पाळकीणबाईंकडे बघितलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनाही हे ठाऊक नव्हतं, हे त्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. माझ्या डोक्यात नुसता कल्लोळ. म्हणजे नरकाच्या जागी नागली चाललीय हे त्या माणसाला कळत होतं. उधळा मुलगा भिवंडीला जातोय हे कळत होतं. दारूचं कळत होतं. आणि तो दर रविवारी तयारी करून यायचा, एक वाक्य बोलायचा, थांबायचा, बाकडे बघून मान हलवायचा. का? मला राग यावा की काय वाटावं तेच समजेना.

पाहुणे बराच वेळ ताटकळले होते. त्यांनी हळूच बाच्या खांद्याला हात लावला. "काय म्हणतायत आजी?"

बाने एकदा आत्याकडे बघितलं. मग मराठीत म्हणाला, "पाळकांना आमची बोली येत होती म्हणते."

"अरे वा. कधीपासून?"

"ही माझी पोर रांगत होती तेव्हापासून." आणि त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

पाहुण्यांनी माझ्याकडे, माझ्या पिकायला लागलेल्या केसांकडे बघितलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "मग इतकी वर्षं त्यांनी तुम्हाला शेजारी कशाला उभं केलं?"

"तेच तं विचारायचं राह्यलं," बा म्हणाला, आणि तिथेच मातीत खाली बसला.